चष्मा लागला, माग सुटला

रेणू शाळेच्या फाटकातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या शेजारून निघून गेली.

त्या दिवशी मी कोपरगावला बहिणीकडे गेले होते. येताना शाळेवरूनच तुला घेऊन घरी जाऊ, असं सकाळी तिला सांगून ठेवलं होतं. बहिणीकडे जेवताना माझ्या हिरव्या साडीवर वरणाची वाटी उपडी झाली, म्हणून तिची जांभळी साडी नेसून मी तशीच येवल्याच्या बसमध्ये बसले. तेव्हा रेणू चौथीत होती. मला वाटलं, पोरगी मस्करी करतेय. मीही मुद्दाम हाक मारली नाही.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे डोळे बारीक करून बघत होती. तेवढ्यात कुणाची तरी आई फाटकापाशी आली, अंगावर हिरवी साडी. रेणू धावत गेली आणि तिनं त्या बाईचा पदर धरला.

"किती उशीर केलास गं आई!"

ती बाई हसायला लागली. मला हसू आलं नाही.

"रेणू!"

आवाज ऐकल्याबरोबर तिनं पदर सोडला, माझ्याकडे आली आणि अगदी जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं. मग रागावून म्हणाली, "साडी कशाला बदललीस? सकाळी हिरवी होती ना?"

म्हणजे चूक माझीच.

घरी जाताना मी तिला हळूहळू बोलतं केलं. "तू माणसं ओळखतेस तरी कशी गं?"

"बायका साडीवरून. बाप्ये शर्टावरून आणि चालण्यावरून. आबा टोपीवरून."

"आणि तोंडावरून?"

"तोंड लांबून कसं दिसेल?" ती म्हणाली आणि मीच काही खुळ्यासारखं विचारल्यागत हसली.

तिच्या बाई वर्षभर मला बोलावून सांगत होत्या, फळ्यावरचं लिहून घेत नाही, शेजारणीच्या वहीत डोकावते, मुलगी जरा मठ्ठच आहे. आणि घरी माझे सासरे म्हणत होते, मठ्ठ असेना का, चौथी झाली की बास, आता शाळा सुटल्यावर बसते तशी मग दिवसभर मागावर माझ्या शेजारी बसेल. ते घरात ठरूनच गेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आमचं घर पैठणी विणणाऱ्यांचं. दोन माग, एकावर सासरे, दुसऱ्यावर आमचे हे. बायकांनी रेशीम गुंडाळून कांड्या भरायच्या, धागे सांधायचे, पदर विणायला घेतला की शेजारी बसून हाताखाली लागेल ते द्यायचं. शेजारी बसणाऱ्याचं साडीला कधी नाव लागत नाही. मला स्वतःला सातवीनंतर शाळेतून काढून कांड्या भरायला बसवलं होतं. मला त्याबद्दल कुणाशी भांडायचं नव्हतं, वेळ निघून गेली होती. पण रेणूची वेळ अजून जायची होती.

घरात शिरल्या शिरल्या मी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"मामंजी, रेणूला चष्मा लागणार आहे. मंगळवारी नाशिकचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे नेते."

सासऱ्यांनी मागावरून मान वर केली. "कुणाला?"

"रेणूला. तिला दिसत नाही."

ते हसले. त्यांना हसताना बघणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. "ह्या पोरीला दिसत नाही? ये गं रेणू इकडे. ताण्यात कुठंतरी धागा तुटलाय. शोध."

रेणू मागावर वाकली. इतकी की नाक रेशमाला लागेल. बोट धाग्यांवरून सरकत गेलं आणि थांबलं. "हा बघा आबा. ह्याच्या शेजारचापण विरलाय."

सासऱ्यांनी तिच्या बोटाच्या ठिकाणी आपलं बोट टेकवलं आणि मान डोलावली. "बघितलंस? आख्ख्या गल्लीत असा डोळा नाही. आणि तू निघालीस चष्मा लावायला."

"आज रस्त्यात तिनं मला ओळखलं नाही. दुसऱ्याच बाईला आई म्हणाली."

"लक्ष नसेल. पोरांचं लक्ष असतं का?" मग त्यांचा आवाज बदलला. "आणि एक लक्षात ठेव मंदा. ह्या घरात चष्मा लागला की माग सुटला. माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? लग्न होऊन आले त्याच वर्षी मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. थोरल्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाला चष्मा लागला आणि त्याच दिवशी सासऱ्यांनी त्यांना मागावरून उतरवलं. का, तर गिऱ्हाईक घरी येऊन काम बघतं, मागावर चष्मेवाला दिसला तर म्हणेल, नजर गेलेल्या माणसाची साडी कोण घेणार? थोरले मामंजी शेवटच्या दिवसापर्यंत ओट्यावर बसून कांड्या भरत राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मागाच्या खोलीत मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून तो नियमच झाला. चष्मा कसला, कुणाला, कशासाठी, कुणी विचारत नसे. आमच्या घरात चष्मा तो चष्मा.

"माहीत आहे," मी म्हणाले. "सुटू दे की मग."

दुसऱ्या मागाचा खडखडाट थांबला. आमचे हे बघायला लागले. आमचे हे म्हणजे होयबा, बापालाही हो आणि बायकोलाही हो, त्यामुळे दोघं समोरासमोर आले की ह्यांची वाचाच बसायची.

"काय म्हणालीस?"

"सुटू दे म्हटलं. तिला चष्मा लागेल, माग सुटेल, शाळा राहील. तुमचाच नियम आहे, मी थोडाच केलाय?"

खरं सांगते, मला नेमकं तेच हवं होतं. पोरीला दिसत नाही हे ऐकून माझं काळीज हललं होतं, पण त्याच काळजात दुसऱ्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली होती. इतकी वर्षं मी दार शोधत होते आणि सासऱ्यांनी स्वतःच ते नियम करून उघडं ठेवलं होतं.

सासऱ्यांनी हातातलं रेशीम खाली ठेवलं. मग म्हणाले, "मंगळवारी मीपण येतो. डॉक्टरच्या तोंडून ऐकू."

मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. निरगुड्यांच्या चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत डॉक्टर बसायचे. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टर हात धूत होते. मी सासऱ्यांना खुर्ची दिली, आणि बघते तर रेणू समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीला नाक लावून उभी.

"अगं, हात नको लावू," मी म्हणाले. ती गुपचूप येऊन स्टुलावर बसली.

डॉक्टरांनी तिचा एक डोळा झाकला. "वाच बघू बाळ, वरून."

रेणूनं वाचलं. वरचं मोठं अक्षर वाचलं, दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. दुसरा डोळा झाकला तरी वाचलं. अगदी खालची, मला स्वतःला दिसत नव्हती ती मुंगीएवढी ओळसुद्धा न अडखळता वाचली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "नजर उत्तम आहे हिची."

सासऱ्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली. तेवढ्यानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणभर वाटलं, उठावं आणि जावं. पण आई म्हणून मला एवढं कळत होतं की पोरगी वाचत नव्हती, म्हणत होती. पाढे म्हणावेत तशी, ठेक्यात. आणि नक्षी पाठ करणं हा आमच्या घरातल्या पोरांच्या डाव्या हातचा मळ. मोराच्या मानेला कुठल्या रंगाचे किती धागे, हे रेणू झोपेतसुद्धा सांगायची. तिच्यापुढे ती पाटी ती काय!

"डॉक्टर," मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि रेणूला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "ती पाटी उलटी टांगा."

"काय?"

"वरची बाजू खाली करा. एकदाच."

"अहो बाई, बाहेर लोक थांबलेत."

"थांबू द्या. मी इथून हलणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं. तिथून काही मदत मिळेना, तेव्हा कपाळाला आठ्या घालून त्यांनी पाटी उलटी टांगली. रेणू स्टुलावरच होती, तिला काय चाललंय ते कळलं नाही.

"हं, आता वाच."

रेणूनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेच मोठं अक्षर, तीच दुसरी ओळ, तीच तिसरी. मुंगीएवढी ओळ शेवटी.

डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. एकेक भिंग घालत, काढत, परत घालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नंबर चांगलाच मोठा आहे. हिला इथून माझं नाक दिसत असलं तरी पुष्कळ."

"पण हिला रेशमाचा धागा दिसतो हो!" सासरे एकदम बोलले. "तुटलेला धागा शोधून देते."

"देणारच. हिचं जवळचं उत्तम आहे, लांबचं नाही. जवळचं जातं ते तुमच्या-आमच्या वयाला, चाळिशी उलटली की. तो चष्मा वेगळा, हा वेगळा." डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला नाही चष्मा?"

"मला लागत नाही," सासरे म्हणाले. फार पटकन म्हणाले.

रेणू रडायला लागली होती. आवाज न करता, नुसते डोळे गळत होते.

"मला नको चष्मा."

"का गं?"

"नको."

"पोरं चिडवतील म्हणून?"

तिनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मला तिचा राग आला. मी हिच्यासाठी घरादाराशी भांडतेय आणि ही पाटी पाठ करून मलाच तोंडावर पाडतेय. तिचा दंड धरला आणि तिला बाहेर दुकानात आणलं.

निरगुडे गोड बोलणारा माणूस. त्यांनी काचेवर लहान मुलांच्या फ्रेमा मांडल्या. गुलाबी, निळ्या, काडीवर फुलं असलेल्या, सोनेरी तारेच्या. हातात आरसा दिला. रेणूनं आरसा लांब धरून बघितला, मग जवळ आणला, मग पार नाकाशी. लांब धरला तर काही दिसेना, नाकाशी धरला तर नुसतं नाक दिसे. तिनं आरसा पालथा घातला आणि बाजूला ठेवून दिला.

"ही गुलाबी घे," मी म्हणाले.

"बारीक तारेची द्या," सासरे मागून म्हणाले. ते दाराशीच उभे होते. "लोकांना दिसायला नको."

"लोकांना दिसायलाच हवी," मी म्हणाले. "जाड काडीची द्या हो निरगुडे. ओट्यावर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा दिसली पाहिजे, अशी ढळढळीत."

"बाई, चष्मा पोरीलाच घ्यायचाय ना?" निरगुडे म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, रेणू भलतंच काहीतरी करत होती. तिनं गुलाबी फ्रेम डोळ्यांवर चढवली, हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. तशीच थांबली. फ्रेम घसरून नाकाच्या शेंड्यावर आली. तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि निळी घेतली. पुन्हा मान खाली. निळी तर सरळ काचेवरच पडली. सोनेरी तार थोडा वेळ टिकली आणि मग तीही घसरली. फ्रेम सुंदर आहे का, कशी दिसते, ह्यातलं तिला काही नव्हतंच. ती आंधळ्यासारखी हातानं चाचपून एकेक उचलत होती आणि वाकून बघत होती.

"हे काय करतेय?" निरगुडे म्हणाले.

शेवटी तिच्या हाताला कडेची एक फ्रेम लागली. तपकिरी, जाडजूड, मुलग्यांची, कानामागे गोल वळणाऱ्या तारांची. ती घालून रेणू वाकली. डोकं डावीकडे, उजवीकडे हलवलं. फ्रेम जागची हलली नाही.

"ही," रेणू म्हणाली.

"अगं, किती बेंगरूळ आहे ती!"

"पण वाकलं तरी पडत नाही."

"तुला वाकायचंय कशाला?"

"मागावर."

थांबलेली माणसं तिकडे डॉक्टरांच्या दाराशी होती ते बरं. मी आवाज खाली आणला. "रेणू, चष्मा लागला की माग सुटतो. आबांनी सांगितलंय ना?"

"गिऱ्हाईक आलं की मी काढून ठेवीन. कुणाला कळणार नाही."

"नाही म्हणजे नाही. आता तू शाळेत जायचं, शिकायचं. माग संपला."

रेणूनं मान वळवली. जिथं पांढरी टोपी दिसत होती त्या बाजूला बघून म्हणाली, "मग आबांना धागे कोण मोजून देणार?"

निरगुड्यांचा फ्रेमा आवरणारा हात थांबला. रेणूच पुढे सांगायला लागली.

"आबांना दिसत नाहीत ना. मी मोजते, मी सांगते, आबा हात चालवतात. तुटलेला धागा मी दाखवते. मला चष्मा लागला आणि मी उतरले की मग..." तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आबा, मी चुकून सांगितलं."

मी वळून बघितलं. सासरे दारात नव्हते.

ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोर भाजीवाल्यांचा गलका चालला होता आणि हा माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून खाली बघत होता. इतकी वर्षं ह्या माणसासमोर मी पदर डोक्यावरून ढळू दिला नव्हता, आणि आज तो पायरीवर होता आणि मी उभी होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली काही वर्षं." ते वर न बघता बोलत होते. "आधी हात सांगायचा. पुढे हातालाही कळेना. मग ही बसायला लागली शेजारी. मी काही म्हटलं नव्हतं तिला. तिचं तिलाच कळलं."

आता माझ्या डोक्यात लख्ख झालं. चौथी बास का, शेजारी बसेल का, पोरीची नजर गल्लीत सरस का. आणि पोरगी पाटी का पाठ करते, तेही.

"चला," ते म्हणाले. "घरी जाऊन सांग सगळ्यांना. दादाला मी उतरवलं, मला तू उतरव. तुझ्या मनासारखं होऊ दे."

झालं असतं. खोटं कशाला बोलू? मी एक शब्द बोलले असते तर नातही मागावरून उतरली असती आणि आजाही. ज्या माणसानं माझ्या पोरीचं आयुष्य आपल्या शेजारच्या फळीवर मांडून ठेवलं होतं, त्याचा मला फार राग आला होता. पण पोरीनं ह्या म्हाताऱ्याला बिनबोभाट सांभाळलं होतं, आणि ते मला मोडवेना.

"उठा," मी म्हणाले. "डॉक्टर अजून आत आहेत."

"कशाला?"

"डोळे दाखवायला."

"मी चष्मा लावणार नाही. मी लावला तर मला उतरावं लागेल."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोडायला काय माझ्या माहेरची माणसं येणार आहेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे हटले नाही. "मामंजी, मी आज दोन चष्मे करायला सांगूनच घरी जाणार, नाहीतर दुकानातून हलणार नाही. पण एक गोष्ट मला तुमच्या तोंडून हवी. रेणू दहावी होईपर्यंत शाळेत जाणार. तिला कुणी कुणाच्या शेजारी बसवणार नाही. लग्नसराई असो, गिऱ्हाईक दारात बसलेलं असो, नाही म्हणजे नाही."

"आणि लोक काय म्हणतील? चष्मेवाला विणकर?"

"लोक नक्षी बघतील. तुम्हाला दिसलं तर नक्षी नीट येईल."

बराच वेळ ते टोपीची कड चिमटीत धरून बसले. मला वाटलं, आता हा माणूस उठून घरचा रस्ता धरणार. मग टोपी डोक्यावर घालून म्हणाले, "दहावी. दिला शब्द."

आत डॉक्टरांनी त्यांना बसवलं आणि हातात छापील कागद दिला. सासऱ्यांनी तो हात लांब करकरून धरला, मग निमूटपणे खाली ठेवला. भिंग घातल्यावर मात्र कागद घेतला आणि डॉक्टर पुरे म्हणाले तरी वाचतच बसले. बाहेर आले तेव्हा निरगुड्यांनी मोठ्यांच्या फ्रेमा मांडल्या होत्या. सासऱ्यांनी समोरचीच एक उचलली. "ही चालेल."

"अशी नाही घ्यायची," रेणू म्हणाली. तिनं त्यांच्या हातातली फ्रेम काढून नीट त्यांच्या नाकावर बसवली. "वाकून बघा आबा."

आणि ज्यांच्यापुढे आमचं सगळं घर वाकत होतं ते माझे सासरे निरगुड्यांच्या काचेवर नातीसमोर वाकले. फ्रेम पडली. रेणूनं दुसरी दिली. मला तोंडाला पदर लावून हसावं लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हसण्याचंच होतं असं मी अजूनही सांगते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही चष्मे आले. रेणूनं दुकानातच चष्मा चढवला आणि रस्त्यावर आल्यावर माझा हात सोडून दिला. दुकानांच्या पाट्या वाचत, बसच्या पाट्या वाचत, मोठ्यानं वाचत ती घरी आली. वाटेत मला म्हणाली, "आई, तू लांबून रागीट दिसतेस." मी म्हटलं, जवळूनसुद्धा आहेच.

घरी सासरे चष्मा लावून मागावर बसले. आमचे हे त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीप्रमाणे कामाला लागले. सासऱ्यांनी अर्धवट विणलेल्या पदरावर मान झुकवली आणि पोपटाच्या चोचीपासून शेपटापर्यंत हळूहळू बोट फिरवलं. ते बोट मधूनमधून थांबत होतं. किती दिवसांनी ते आपलं काम बघत होते कोण जाणे.

रेणू सवयीनं त्यांच्या शेजारी फळीवर जाऊन बसली.

"तू कशाला आलीस?" सासरे म्हणाले. "जा, खेळ जा. आता मला दिसतंय."

रेणू उठली, पण गेली नाही. मागाच्या खांबाला धरून उभी राहिली.

"मग माझा माग कुठला?"

"तुझा माग?"

"तुम्हाला दिसतंय तर तुम्ही तुमचा विणा. मला माझा हवा. शेजारी बसायला नको. माझा."

आमच्या गल्लीत तोवर कुठल्या बाईचा स्वतःचा माग नव्हता. सासरे चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. मी दारात उभी. पोरीला मागावरून उतरवण्यासाठी मी हा सगळा खटाटोप केलेला, आणि पोरगी म्हणतेय माग हवा. कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी होता. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की आबांसाठी ती फक्त धागे मोजत होती. वाकून, पडत नाही ना ते बघून तिनं फ्रेम घेतली होती ती स्वतःसाठी.

"दहावीनंतर," मी म्हणाले. "त्याआधी मागाचं नाव काढलंस तर बघ."

"नक्की?"

"नक्की."

"आबा, तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं बाई," सासरे म्हणाले. "तुझ्या आईपुढं आता माझं काही चालत नाही."

मला वाटलं होतं, पोर आहे, विसरेल. फळा दिसायला लागला, पुस्तकं दिसायला लागली की माग कुणाला आठवतो? अभ्यासात ती पुढे गेली. मठ्ठ म्हणणाऱ्या बाईच नंतर तिच्या वह्या वर्गात फिरवायच्या. चष्म्याचा नंबर वाढत गेला, फ्रेमा बदलत गेल्या, मैत्रिणी डॉक्टर, इंजिनियर असं काय काय बोलायच्या. मीही मनातल्या मनात पुण्याच्या कॉलेजचा विचार करायला लागले होते. मागाचं नाव तिनं खरंच एकदाही काढलं नाही, तेव्हा माझी खात्रीच झाली.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सासरे नातीचे गुण चष्म्यातून पुन्हा पुन्हा वाचत होते. मी पेढ्यांचं ताट घेऊन आतून आले. रेणू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, इतक्या गर्दीपलीकडे उभी होती. तिनं तिथूनच माझा चेहरा बघितला आणि काय वाचायचं ते वाचलं.

"आई," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सासरे सुताराकडे गेलो.